वारकऱ्याची घोंगडी आणि पडशी

वारीचा इतिहास सांगायला बसलो की आपण पालख्यांचा सांगतो, फडांचा सांगतो, रिंगणाचा आणि मानपानाचाही सांगतो. वारकऱ्याच्या खांद्यावर काय होते, हे मात्र सांगायचे राहून जाते. कीर्तनात त्याला जागा नसते म्हणा. पंचेचाळीस वर्षे मी वारकऱ्याच्या अंतःकरणात काय आहे ते वकुबाप्रमाणे सांगत आलो. आता नारदाच्या गादीवरून खाली उतरलो आहे, तर त्याच्या खांद्याकडे जरा पाहू.

तुकोबारायांचे चिरंजीव तपोनिधी नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखी घेऊन पंढरीची वाट धरली. हैबतबाबा आरफळकरांनी १८३२ च्या सुमारास माउलींच्या सोहळ्याला आजची शिस्त दिली. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे आणि तंबू दिले. पण तंबू माउलींचा. वारकऱ्याच्या डोक्यावर आभाळच. प्रस्थान ज्येष्ठ वद्यात, म्हणजे मृग सरत आलेला आणि आर्द्रा तोंडावर. आळंदी ते पंढरी सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट, पायी अठरा-वीस दिवसांची. दिवे घाटात ऊन, जेजुरीला वारा, नीरेच्या काठी पाऊस. एवढ्या सगळ्याला पुरेल ते स्वतःच्या खांद्यावरून न्यायचे. स्वतःच्या खांद्यावर ओझे असले की माणूस हिशेबी होतो. त्या हिशेबातून दोनच वस्तू उरल्या, घोंगडी आणि पडशी.

पडशी आजच्या मुलांना समजावून सांगावी लागते. लांबट पिशवी, दोन्ही टोके शिवलेली, तोंड मधोमध. खांद्यावर टाकली की एक कप्पा छातीवर आणि एक पाठीवर. वजन दोन्हीकडे सारखे, त्यामुळे खांदा एका अंगाला कलत नाही. आणि मुख्य म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. हात मोकळे नसतील तर टाळ वाजवायचा कसा? पुढच्या कप्प्यात वाटेत लागेल ते, म्हणजे हरिपाठाची पोथी, बुक्क्याची डबी, गोपीचंदन, दशम्या. मागच्यात धोतर, पंचा, पिठाची पुरचुंडी. बैलाच्या पाठीवरची गोणी याच युक्तीची असे, दोन्ही कुशींना सारखा भार. तुकोबारायांच्या चरित्रात महिपतीबुवांनी बैलांवर गोण्या लादून व्यापाराला गेल्याचे प्रसंग वर्णिले आहेत. ती गोणी आणि ही पडशी एका घरातल्याच म्हणायच्या, एक संसाराची आणि एक परमार्थाची.

आमच्या वडिलांची पडशी जाड्याभरड्या मांजरपाटाची होती. खांद्यावर पडते त्या जागी आईने दुहेरी पट्टी लावलेली. दरवर्षी वटपौर्णिमेच्या आसपास ती खाली काढायची, दिव्याशी धरून कुठे विरली आहे ते बघायचे आणि ठिगळ लावायचे. शेवटी शेवटी मूळ कापड किती आणि ठिगळ किती हे सांगता आले नसते. तरी घरात ती ‘अण्णांची पडशी’च राहिली.

आता घोंगडी. ती अंथरायची, पांघरायची, दुमडून वर कीर्तन ऐकायला बसायचे. पावसात एका टोकाला खोळ करून डोक्यावर घ्यायची. वाटेत एखाद्या माउलीचा पाय मुरगळला तर चौघांनी चार टोके धरून तिची झोळी करायची. एवढी कामे करणारे दुसरे वस्त्र मला ठाऊक नाही.

ही घोंगडी आपल्याच कोरड्या मुलखाची. शिरूर, दौंड, पारनेर, पुढे माण, खटाव, आटपाडी, सांगोला या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात दख्खनी मेंढी पोसली गेली. काटक, काळी, थोड्या चाऱ्यावर तगणारी. पारनेर तालुक्यातल्या ढवळपुरीसारख्या गावांचे धनगर पावसाळा सरला की वाडा घेऊन घाट उतरत आणि कोकणातून उन्हाळ्याअखेर परतत. वर्षातून दोनदा कातरणी. कोकराची पहिली लोकर म्हणजे जावळ. ती सर्वांत मऊ. म्हणून जावळाच्या घोंगडीला मान. धनगराने कातरायचे, घरच्या बायकांनी पिंजून सूत काढायचे आणि सणगराने विणायचे अशी ही साखळी. काळी घोंगडी रंगवलेली नसते. मेंढीचा रंग तोच तिचा रंग, म्हणून तो विटत नाही. उन्हाने थोडा तांबूस होतो इतकेच.

विणण्याआधी सणगर उभ्या धाग्यांना चिंचोक्याची खळ देतो. चिंचोके भाजायचे, टरफल काढायचे, भिजवून वाटायचे, शिजवून लगदा करायचा आणि कुंच्याने धाग्यांवर चढवून उन्हात वाळवायचा. मग जमिनीत खड्डा करून बसवलेल्या मागावर विणकाम. खळीने धागा ताठ होतो, वीण घट्ट बसते. त्यात लोकरीला मेंढीच्या अंगचे थोडे तेल राहिलेले असते. म्हणून नव्या घोंगडीवर पावसाचा थेंब पडला की तो आत न शिरता घरंगळतो. जाणकार सांगतात की लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्के पाणी पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही. त्यांनी ते मोजून काढले. धनगराला ते रात्री माळावर झोपून कळले.

पाण्यापासून बचावाची ही युक्ती जगात इतरत्रही निघाली. इंग्लंडात खलाशांनी शिडाच्या कापडाला तेल पाजले, पुढे मेण लावले आणि त्याचे कोट केले. साउथ शील्ड्स या बंदराच्या गावी १८९४ साली सुरू झालेली बार्बर नावाची पेढी आजही असे मेणकापडाचे कोट करते. जुना कोट पुन्हा मेण लावायला परत पाठवता येतो आणि बापाचा कोट मुलगा घालतो. माझा नातू परदेशी असतो, त्याने असा एक घेतला आहे. किंमत ऐकून मी विठ्ठलाचे नाव घेतले. पण कोट हातात घेऊन पाहिला आणि मनात आले, पोरा, तू अण्णांच्याच वळणावर गेलास, फक्त फार लांबून वळसा घातलास. त्या दुकानदारीत अशा मालाला ‘वारसा’ म्हणतात. आपल्याकडे गुरूच्या खांद्यावरची वीणा शिष्याच्या खांद्यावर आली की त्याला वारसा म्हणतात, आणि त्याची पावती नसते.

घोंगडीचा मान केवळ उपयोगाचा नव्हता. लोकरीचे वस्त्र विटाळत नाही, असे आपल्या शास्त्राचारात मानले गेले. म्हणून सोवळ्यात धाबळी चालते. मेंढी राखणारा धनगर, विणणारा सणगर. त्यांना ज्यांनी ओसरीच्या वर येऊ दिले नाही, त्यांच्या देवघरापर्यंत त्यांचे वस्त्र मात्र बिनदिक्कत पोचले. या गोष्टीवर आपल्या संतांनी फार आधी विचार केला आहे, मी वेगळे काय सांगणार. काल्याच्या कीर्तनात उभे राहिले की गोपाळकृष्णाच्या हातात काठी आणि खांद्यावर कांबळे द्यावेच लागते, पीतांबराने गाई राखता येत नाहीत. माउलींच्या गाथेतही घोंगडीवर रूपके आहेत. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथात विठ्ठलाचे मूळ गोपजनांच्या, गवळी-धनगरांच्या परंपरेत शोधले. सगळ्या विद्वानांना ते पटले नाही. पण काळ्या घोंगडीवर बसून काळ्या विठ्ठलाचे भजन करणाऱ्याला त्यात धक्का बसण्यासारखे काही नव्हते.

पुढे घोंगडी रयतेचीच खूण झाली. १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानाच्या समारंभाला महात्मा फुले शेतकऱ्याच्या वेषात, अंगावर घोंगडी घेऊन गेले आणि त्या जरतारी मेळाव्यात रयतेचे दुःख बोलले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. त्यांचे चित्र काठी आणि घोंगडीशिवाय डोळ्यांपुढे येत नाही. १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन या इंग्रजी कोशात तर ‘कम्ब्ली’ असा शब्दच आहे, साहेबाच्या बोलण्यात आपले कांबळे असे रुजले. आताचे पुढारी निवडणुकीआधी ‘घोंगडी बैठका’ घेतात. बैठकीखाली बहुधा सतरंजी असते.

हे सगळे असताना घोंगडी वारीतून उतरली कधी? आमच्या डोळ्यांदेखत उतरली. दिंडीमागे बैलगाडी आली तेव्हा खांद्यावरची पडशी गाडीत गेली आणि तिची पत्र्याची ट्रंक झाली. गाडीच्या जागी मालट्रक आला, मग ट्रंकेच्या जोडीला वळकट्या, बादल्या, पुढे चाकाच्या बॅगा. ओझे दुसरा वाहणार म्हटल्यावर ते वाढणारच. आणि वाढले तसे प्रत्येक वस्तूचे मोल उतरले. आज पाऊस आला की वाटेवर दहा-वीस रुपयांचा प्लास्टिकचा कागद मिळतो. काही ठिकाणी फुकट मिळतो, सोबत पुढाऱ्याचा चेहरा छापलेली पिशवीही मिळते. मी कागदाची निंदा करत नाही. मुसळधार पावसात तो घोंगडीपेक्षा कोरडे ठेवतो, वजनाला काही नाही आणि ज्या म्हातारीचे हातावर पोट आहे तिला तोच परवडतो. भिजलेली घोंगडी खांद्यावर वाहणे म्हणजे काय, हे मी भोगले आहे. पण मुक्काम हलल्यावर त्या रानात मागे पडलेले कागद पाहावेत. ज्या शेतकऱ्याने आपले वावर माउलींसाठी मोकळे ठेवले, त्याला पेरणीआधी ते वेचत बसावे लागते.

दुसरे टोक आमच्या कारेगावात दिसते. गाव पुणे-नगर रस्त्यावर, शेजारी रांजणगावचा महागणपती आणि त्याच नावाची औद्योगिक वसाहत. घोड धरणाचे आणि चासकमानचे पाणी तालुक्यात आले, ऊस झाला. नव्वदच्या दशकानंतर कारखाने आले, माळावर इमारती आणि भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. त्याने पुष्कळांच्या चुली पेटल्या, हे खोटे नाही. पण चराऊ रान गेले. तरी कापणी झालेल्या वावरात अजून एखादा वाडा बसतो. गेल्या वर्षी असाच एक बसला होता, कातरणी नुकतीच झालेली.

वाड्यावरच्या म्हाताऱ्या धनगराला मी विचारले, “बाबा, लोकर कुठे देता?”

“कुठं देयाची बुवा? कोण घेतंय? खड्ड्यात टाकायची,” तो म्हणाला. “कातरणाऱ्याची मजुरीच अंगावर येतीया.”

“मग कातरता कशाला?”

“जनावराला वझं होतंय न्हवं.”

ज्या लोकरीवर एके काळी घरे चालली ती आता उकिरड्यात जाते आहे. मेंढी आता मटणासाठी पाळतात. माडग्याळीसारख्या मांसल, कमी लोकरीच्या जातीकडे ओढा आहे. सूत काढणाऱ्या बाया थकल्या, सणगराची पोरे नोकरीला लागली. म्हसवडसारख्या ठिकाणी काही माग अजून चालतात, पण सुताविना माग किती दिवस चालणार? मागणी थांबली म्हणून कला थांबत आली, आणि मागणी करणाऱ्यांत सर्वांत मोठा समाज कोणता होता? दरसाल पावसात बाहेर पडणारा वारकरीच. ही गाठ आपल्यापाशी आहे.

म्हणून माझे मागणे मर्यादित आहे. प्रत्येकाने घोंगडी घ्यावी असे मी म्हणत नाही. हातमागाची चांगली घोंगडी दीड-दोन हजारांच्या खाली मिळत नाही. पण दिंडीने मिळून दोन-चार घ्याव्यात. विणेकऱ्याला पहाऱ्यासाठी एक, रात्री सामान राखणाऱ्याला एक, आजाऱ्यासाठी एक. त्या दिंडीच्या मालकीच्या, वीणा-पखवाजासारख्या पुढच्या पिढीकडे जाणाऱ्या. शंभर दिंड्यांनी एवढे मनावर घेतले तरी काही माग पुन्हा खटखटतील. शक्य तर थेट सणगराकडून घ्याव्यात, आधी सांगून विणून घ्याव्यात.

घेताना फसू नये. पानिपतकडे जुन्या गरम कपड्यांच्या चिंध्यांपासून यंत्रावर केलेली कांबळी घोंगडी म्हणून विकली जातात. हातची घोंगडी अंगाला टोचते, तिचा धागा कुठे जाड कुठे बारीक असतो, नवी असताना तिला मेंढीचा वास येतो. तरी शंका आली तर कडेचा एक धागा काढून जाळावा. केस जळल्यासारखा वास येऊन चुरडता येणारी राख झाली तर लोकर; वितळून टणक मणी झाला तर प्लास्टिक.

आणि सांभाळावी अशी. ऊन ऊन पाण्यात किंवा यंत्रात कधी धुऊ नये, आटून नमदा होतो. एरवी झटकून उन्हात टाकली की पुरते. फारच मळली तर रिठ्याच्या गार पाण्यात बुडवावी, पिळू नये, सावलीत पसरावी. ठेवताना घडीत कडुनिंबाचा वाळला पाला घालावा, नाहीतर कसर लागते. धुतलेली घोंगडी सुकायला दोन दोन दिवस घेते. ‘भिजत घोंगडे’ हा वाक्प्रचार त्यावरूनच आला असावा, तेव्हा प्रस्थानाच्या आदल्या दिवशी धुवायला काढू नये.