दात काढा ते दात वाचवा : रूट कॅनालच्या मागणीचा इतिहास

समजा, तुमच्या संशोधनाचा विषय आहे 'दंतवैद्यकीय दवाखान्यांत रूट कॅनालला असलेली रुग्णांची मागणी'. सगळ्यात आधी काय सुचतं? पाच वर्षांची ओपीडी रजिस्टरं मिळवायची, किती दाढा काढल्या आणि किती रूट कॅनाल केली ते मोजायचं, आलेख काढायचा, आणि रेषा वर गेली की लिहायचं, 'मागणी वाढली'. पण थांबा. रजिस्टरमध्ये नोंद असते ती झालेल्या उपचाराची. रुग्णाला काय हवं होतं, डॉक्टरांनी काय सुचवलं आणि खिशाला काय परवडलं, हे सगळं त्या एका ओळीत मिसळून गेलेलं असतं.

हा फरक किती मोठा असू शकतो, हे समजून घ्यायला विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांतली अमेरिका बघू.

रूट कॅनाल म्हणजे दाताची नस काढायची, मुळातली पोकळी साफ करायची आणि ती भरून बंद करायची. हे तंत्र तेव्हा काही नवं नव्हतं. दात लाळेपासून कोरडा ठेवायला लागणारी रबराची चादर, म्हणजे रबर डॅम, न्यूयॉर्कच्या सॅनफर्ड बार्नमने १८६४ मध्येच वापरली होती. मुळं भरायला गटापर्चा वापरात होता. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला आणि चारच वर्षांत न्यू ऑर्लिन्सच्या एडमंड केल्सने मुळात तार घालून, फोटो काढून, आपण टोकापर्यंत पोचलो का ते तपासलं. १९०५ मध्ये नोव्होकेन आलं, त्यामुळे बधिर करणंही सोपं झालं. म्हणजे तंत्र होतं, साधनं होती, दुखणं कमी करायची सोय होती. आपल्या नेहमीच्या हिशोबाने यानंतर मागणी वाढायला हवी. झालं उलटंच.

३ ऑक्टोबर १९१० रोजी इंग्लंडचे डॉक्टर विल्यम हंटर यांनी माँट्रियलच्या मॅक्‌गिल विद्यापीठात भाषण दिलं. त्यांचा मुख्य रोख होता तो कुजलेल्या मुळांवर बसवलेल्या सोन्याच्या कॅप आणि ब्रिजवर. तोंडातला हा पू शरीरभर आजार पसरवतो, असं त्यांचं म्हणणं. शिकागोच्या फ्रँक बिलिंग्ज यांनी या विचाराला 'फोकल इन्फेक्शन' म्हणजे केंद्रस्थ संसर्गाच्या सिद्धान्ताचं रूप दिलं : दातात किंवा टॉन्सिलमध्ये जंतूंचा एक लपलेला अड्डा असतो, तिथून ते सांधे, हृदय, मूत्रपिंड गाठतात. क्लीव्हलँडच्या वेस्टन प्राइस यांनी रूट कॅनाल केलेले दात सशांच्या कातडीखाली बसवून प्रयोग केले आणि १९२३ मध्ये त्यावर दोन जाडजूड खंड काढले.

आता दवाखान्यात काय व्हायला लागलं ते बघा. सांधे दुखतात म्हणून माणूस फिजिशियनकडे जायचा. ते दातांचा एक्स-रे काढायला सांगायचे. नस मेलेला एखादा दात सापडला की तो काढायचा, मग तो दुखत असो वा नसो. असे सगळे दात सरसकट काढणाऱ्या दंतवैद्यांना 'शंभर टक्केवाले' असं नावच पडलं होतं.

याचं टोक गाठलं न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या मनोरुग्णालयाने. तिथले प्रमुख हेन्री कॉटन यांचा ठाम समज होता की वेडाचं मूळ संसर्गात आहे. त्यांनी रुग्णांचे दात काढले. तेवढ्याने भागलं नाही की टॉन्सिल, आणि पुढे मोठ्या आतड्याचा भाग. ८५ टक्के रुग्ण बरे होतात असा त्यांचा दावा होता. तो ऐकून आपल्या माणसाला इथे दाखल करून घ्या म्हणून लांबलांबची कुटुंबं मागे लागत. त्यांना कुणी जबरदस्ती केली नव्हती. सर्वेक्षण केलं असतं तर 'दात काढण्याला रुग्णांची मोठी मागणी' हाच निष्कर्ष आला असता, आणि आकड्यांच्या दृष्टीने तो बरोबरही ठरला असता!

मग हा सिद्धान्त पडला कसा? तुलनेने. तुमच्या कामाचा भाग इथेच आहे, तेव्हा नीट बघा.

न्यूयॉर्कमध्ये निकोलस कोपेलॉफ आणि जॉर्ज कर्बी यांनी मनोरुग्णांचे दोन गट केले. एका गटातले संसर्गाचे अड्डे काढले, दुसऱ्यातले तसेच ठेवले. १९२३ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला : दोन्ही गटांत सुधारणा सारखीच. कॉटनकडे असा दुसरा गटच नव्हता. काही रुग्ण काहीही न करता बरे होतात, ते सगळे त्यांनी आपल्या खात्यावर जमा केले होते. फिलिस ग्रीनेकर यांनी ट्रेंटनच्या कागदपत्रांची तपासणी करून कॉटनच्या विरोधात जाणारा अहवाल लिहिला, पण तो प्रसिद्ध झालाच नाही. उपचार चालू राहिले.

१९३८ मध्ये रसेल सेसिल आणि अँजेव्हाइन यांनी संधिवाताच्या २०० रुग्णांचा आढावा छापला. सेसिल आधी याच सिद्धान्ताच्या बाजूचे. त्यांना दात-टॉन्सिल काढून सांध्यांना फायदा झालेला दिसला नाही, आणि त्यांनी तसं लिहिलं. १९४० मध्ये रायमन आणि हॅव्हन्स यांनी सरसकट दात काढण्याविरुद्धचा सगळा पुरावा एकत्र मांडला.

त्यानंतर वारं फिरलं. त्याच १९४० मध्ये लुईस ग्रॉसमन यांचं रूट कॅनालवरचं पाठ्यपुस्तक आलं. १९४३ मध्ये शिकागोत अमेरिकेतल्या एंडोडोंटिस्टांची संघटना स्थापन झाली. १९६३ मध्ये या शाखेला तिथे स्वतंत्र विशेषज्ञतेची मान्यता मिळाली. १९६५ मध्ये काकेहाशी आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या दातांची नस उघडी पाडली. साध्या उंदरांत ती सडली. जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांत तीच नस जगली आणि जखमेवर नवं दंतद्रव्य तयार झालं. म्हणजे दोष नस उघडी पडण्यात नव्हता, जंतूंमध्ये होता. जंतू काढता आले तर दात ठेवता येतो, या विचाराला भक्कम आधार मिळाला. आज 'डॉक्टर, दाढ वाचेल का?' असं विचारणाऱ्या रुग्णाच्या मागे हा सगळा इतिहास उभा आहे.

आता परत तुमच्या रजिस्टरकडे येऊ. जोनाथन ब्रॅडशॉ यांनी १९७२ मध्ये गरजेचे चार प्रकार सांगितले : तज्ज्ञ ठरवतात ती, माणसाला आतून वाटते ती, तो बोलून मागतो ती, आणि इतरांशी तुलना केल्यावर दिसते ती. मागणी म्हणजे यातली तिसरी. अमेरिकेची ही गोष्ट दाखवते की पहिली बदलली की तिसरीही तिच्या मागून जाते. डॉक्टरांचं मत बदललं तसं रुग्णांचं मागणंही बदललं. दात तेच, ठणकाही तोच.

म्हणून तक्ता आखताना एकाऐवजी चार रकाने ठेवा : रुग्ण काय मागत आला, डॉक्टरांनी काय सुचवलं, शेवटी काय झालं, आणि फरक पडला असेल तर का (खर्च, फेऱ्या, भीती, की आणखी काही). पहिला रकाना रुग्ण खुर्चीत बसण्याआधीच भरा. एकदा डॉक्टरांचं बोलणं झालं की त्याचं मागणं आणि त्यांचा सल्ला वेगळा काढता येत नाही. काम वाढेल, नमुना कदाचित लहान ठेवावा लागेल. पण मग तुम्ही मोजलेली गोष्ट मागणीच असेल.