तांड्याची वाट: धाडच्या मुलखातल्या फिरत्या घरांचा इतिहास

धाड हे बुलढाणा जिल्ह्याच्या पश्चिम कडेचे, घाटावरचे गाव. त्याच्या पलीकडे जालना जिल्ह्यातला भोकरदन तालुका लागतो आणि मराठवाडा सुरू होतो. उत्तरेला अजिंठ्याची डोंगररांग आहे. ती उतरली की घाटाखालचा, पूर्णेच्या खोऱ्यातला सपाट वऱ्हाड येतो. बुऱ्हाणपूर-मलकापूरकडून जालन्याकडे जाणारा माल याच रांगेतल्या रोहिणखेड, राजूर अशा घाटांनी वर चढत असे. घाटाखाली काय किंवा वर काय, जमीन काळी. पावसात तिचा चिखल चाकाला धरून ठेवतो आणि उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात. गेल्या दीडशे वर्षांत पक्के रस्ते आले, पण त्याआधी या मुलखात चाकाचा उपयोग मर्यादितच होता. मालाची खरी ने-आण बैलाच्या पाठीवरून होई, आणि ती करणारे लोक आपले घर, बायकामुले, देव आणि कुत्री सोबत घेऊन चालत. दख्खनमधल्या आडवाटेच्या प्रवासाचा हा सर्वांत मोठा इतिहास आहे. तो बंजाऱ्यांचा, म्हणजेच लमाणांचा आहे.

बंजारे आपले मूळ मारवाडच्या वाळवंटी मुलखात सांगतात. राठोड, पवार, चव्हाण, जाधव ही त्यांची कुळे आणि घरात बोलली जाणारी गोरबोली या दोन्हींत राजस्थानशी असलेले नाते दिसते. धान्य वाहणाऱ्या फिरत्या टोळ्यांचा उल्लेख दिल्लीच्या सुलतानांच्या काळापासून सापडतो. अलाउद्दीन खिलजीने धान्याचे भाव बांधून दिले, तेव्हा अशा टोळ्यांना यमुनेकाठी वसवून दिल्लीच्या बाजारात धान्य आणण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली होती, असे इतिहासकार झियाउद्दीन बरनी लिहितो. दख्खनमध्ये ते मोठ्या संख्येने आले ते मोगलांच्या फौजांमागून. वऱ्हाडातल्या बंजाऱ्यांची परंपरा सांगते, की १६३०च्या सुमारास शाहजहानचा वजीर आसफखान विजापुरावर चालून आला, तेव्हा भंगी आणि झंगी हे राठोड नाईक १,८०,००० बैल घेऊन त्याच्याबरोबर होते. फौजेला रसद पुरवण्याच्या बदल्यात त्यांना एक ताम्रपट मिळाला. वाटेतल्या गावांच्या रांजणांतले पाणी आणि छपरांवरचे गवत घेण्याची मुभा त्यात होती, इतकेच नव्हे तर दिवसाला तीन खूनही माफ होते, असे परंपरा मानते. बैलांचा आकडा फुगलेला असेल. पण रसद बंद पडली तर फौज बसलीच, हे फौजेला पक्के ठाऊक होते, आणि या कथेचा गाभा तोच आहे.

त्याच काळात परदेशी प्रवाशांनी तांडे प्रत्यक्ष पाहिले. १६३०-३२ मध्ये गुजरात आणि दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला होता. तेव्हा प्रवास करणाऱ्या पीटर मंडी या इंग्रजाला १४,००० बैलांचा एक तांडा वाटेत भेटला. बैलांवर गहू, तांदूळ अशी धान्ये लादलेली होती. हे लोक दिवसाला सहा-सात मैलांपेक्षा जास्त चालत नाहीत, अशी नोंद त्याने केली आहे. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचे वर्णन करतो. अशा तांड्याची गाठ अरुंद वाटेवर पडली तर गाडीवाल्यांना तो पूर्ण निघून जाईपर्यंत दोन-तीन दिवस थांबून राहावे लागे. धान्य, तांदूळ, डाळी आणि मीठ अशी या लोकांत वाहतुकीची वाटणी असल्याचेही तो सांगतो.

दिवसाला सहा-सात मैल ही चाल संथ वाटते, पण तिच्यामागे पक्के गणित होते. बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना गोणी लादली की साधारण शे-सव्वाशे किलो वजन होई. एवढे ओझे घेऊन तो सकाळी चाले आणि उरलेला दिवस चरत राही. चारा विकत घ्यावा लागत नसल्याने वाहतूक स्वस्त पडे, आणि म्हणूनच धान्य-मिठासारखा जड व कमी किमतीचा मालही शेकडो मैल नेणे परवडे. तांड्याला रस्ता लागतच नसे; गवत आणि पाणी जिकडे तिकडे त्याची वाट. पावसाळ्यात मात्र चाल थांबे. चांगले गवत असलेले माळरान पाहून तांडा मुक्काम ठोके, बैलांना विश्रांती मिळे आणि वाटा वाळल्या की पुन्हा कूच होई.

तांडा म्हणजे एक चालते गावच. त्याचा प्रमुख नाईक. कोणता माल कुठून उचलायचा, कोणत्या वाटेने जायचे, तंटा कसा मिटवायचा, यात त्याचा शब्द अखेरचा असे. नाईकाच्या हाताखाली कारभारी असे. सर्वांत पुढे बालाजीला वाहिलेला बैल चाले. त्याच्या पाठीवर कधीच ओझे लादत नसत. तांबडे रेशीम, कवड्यांच्या माळा, पितळी साखळ्या आणि घुंगरे यांनी त्याला सजवलेले असे. तो थकून जिथे बसेल तिथे त्या दिवसाचा तळ पडे, आणि आजारी माणसाला बरे वाटावे म्हणून लोक त्याच्याच पायाशी नवस बोलत. एन. आर. कंबरलेज या इंग्रज अधिकाऱ्याने १८८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वऱ्हाडच्या बंजाऱ्यांवरील वृत्तांतात या चालीरीतींची नोंद आहे. तळावर उतरवलेल्या गोण्या एकावर एक रचून त्यांचीच भिंत करत, तिच्यावर कापड ताणून सावली करत आणि रात्रभर कुत्री राखणीला असत. गोण्यांसाठी लागणारा तागाचा दोरा बायका चालता-बसता काढत. भाकरीला या घरांत बाटी म्हणतात. ती दगडांच्या चुलीवर भाजली जाई, आणि दुसऱ्या दिवशी ती चूलही मागेच राही.

या फिरत्या घरांची किंमत लढाईत सर्वांत जास्त कळे. लॉर्ड कॉर्नवॉलिसने १७९१-९२ मध्ये टिपूविरुद्धच्या मोहिमेत बंजाऱ्यांच्या धान्यावर भिस्त ठेवली. पुढे आर्थर वेलस्लीने दख्खनमध्ये तेच केले. २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी त्याची गाठ असईला पडली. धाडच्या दक्षिणेला, भोकरदन आणि जाफराबाद यांच्या दरम्यान, केळणा आणि जुई या नद्यांच्या मधल्या बेचक्यात ही लढाई झाली. वेलस्लीच्या पत्रव्यवहारात त्या काळात बंजाऱ्यांचा विषय पुन्हा पुन्हा येतो: ते कुठे आहेत, त्यांच्याजवळ किती धान्य आहे, त्यांना तळाजवळ कसे टिकवून ठेवायचे. दोन्ही बाजू बंजाऱ्यांकडून माल घेत आणि त्यांना हात लावणे टाळत. असईचा इतिहास तोफा आणि घोडदळाच्या भाषेत लिहिला गेला. पण गोण्या लादलेल्या बैलांशिवाय त्यांतली एकही फौज या पठारावर आठवडाभरही टिकली नसती.

तांड्याचा दुसरा मोठा माल म्हणजे कापूस. वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून नर्मदा ओलांडून मिर्झापूरला जाई आणि तिथून गंगेतल्या नावांनी कलकत्त्याला. १८२५-२६ मध्ये हैदराबादच्या पेस्तनजी-विकाजी या पारशी पेढीने पाचशे बैलांवर लादून वऱ्हाडचा कापूस प्रथम मुंबईकडे पाठवला, तेव्हा व्यापाराचे तोंड पश्चिमेकडे वळले. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारकडे सोपवला. बुलढाण्याचा मुलूख इंग्रजी अमलाखाली गेला आणि भोकरदन निजामाकडेच राहिले, त्यामुळे धाड दोन राजवटींच्या सरहद्दीवर आले.

मग रेल्वे आली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली. ४ मार्च १८७० रोजी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याने खामगावच्या फाट्याचे उद्घाटन केले. तांड्याला महिने लागत त्या अंतरावर कापसाच्या गाठी आता दोन दिवसांत मुंबईला जाऊ लागल्या. मिठाचा व्यवहार त्याआधीच आवळला गेला होता. सरकारी मिठावरचा कर चुकू नये म्हणून इंग्रजांनी पंजाबपासून बुऱ्हाणपूरच्या बाजूने पुढे महानदीपर्यंत जकातीची सीमारेषा आखली होती. काही भागात तिच्यावर काटेरी कुंपण वाढवले होते आणि राखणीला सुमारे १२,००० माणसे होती. ही रेषा १८७९ मध्ये उठली, पण तोवर मीठही रेल्वेच्या डब्यांत चढले होते. बैलाच्या पाठीवरचा धंदा एका पिढीत संपला.

धंदा गेला त्याच वर्षांत संशय मागे लागला. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा झाला आणि १९११च्या कायद्याने तो देशभर पसरला. एका जागी न राहणारा माणूस जन्मतःच गुन्हेगार, अशी त्यामागची समजूत होती. ज्यांच्या गोण्यांवर कंपनीच्या फौजा जगल्या, त्यांच्याच नातवांच्या हालचालींची आता पोलिसांत नोंद होऊ लागली. इंग्रजी अमलातल्या मोठ्या अन्यायांपैकी हा एक होता. स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. विमुक्त जमाती तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. महाराष्ट्रात बंजारा समाजाची गणना आजही विमुक्त जातींत होते.

तांडे थांबले, पण नाव टिकले. बुलढाणा, वाशीम, यवतमाळ आणि मराठवाड्यात बंजाऱ्यांच्या कायम वस्तीलाही तांडाच म्हणतात. तिच्यात नाईक आणि कारभारी ही पदे अजून आहेत. वाशीम जिल्ह्यातले पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांचे समाधिस्थान साऱ्या समाजाचे तीर्थ आहे. पुसदजवळच्या गहुली गावात १ जुलै १९१३ रोजी जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ अशी सलग अकरा वर्षे महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्यांच्याच काळात राज्याने संकरित ज्वारी आणि रोजगार हमी पाहिली.

घर सोबत घेऊन हौसेने हिंडण्याची पद्धत युरोपात सुरू झाली ती नेमकी तांडा मोडत असताना. विल्यम गॉर्डन स्टेबल्स याने १८८५ मध्ये ब्रिटनमध्ये घोड्यांनी ओढायचे 'वाँडरर' नावाचे चाकांवरचे घर फिरण्यासाठी बनवून घेतले. पुढे मोटारी आल्या, आणि झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली गाडी घेऊन मित्रांच्या टोळीने जैसलमेरच्या वाळूत किंवा कच्छच्या रणात जाणे आपल्याकडच्या तरुणांनाही नवे राहिले नाही. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. अशा गाड्यांसाठी पाणी, वीज, स्वच्छतागृह असलेले तळ उभारण्याची कल्पना त्यात आहे. त्याच महाराष्ट्रात दर दसरा-दिवाळीनंतर मराठवाड्यातली आणि लगतच्या जिल्ह्यांतली हजारो कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन ट्रक-ट्रॅक्टरवर भांडीकुंडी, पोरे आणि कोयते चढवतात आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या व कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला निघतात. त्यांत तांड्यांवरची घरे मोठ्या संख्येने असतात. कारखान्यांचे गाळप थांबेपर्यंत त्यांचे घर म्हणजे उसाच्या पाचटाची नाहीतर ताडपत्रीची कोपी. चालत्या घरासाठी पाणी, दिवा आणि शौचालय असलेला तळ राज्याला बांधायचाच असेल, तर पहिला हक्क या कोप्यांचा आहे.