‘यूटोपिया’ शब्दाचें मूळ व अर्थ

‘यूटोपिया’ हा शब्द मराठी लेखांत ‘आदर्श राज्य’ या अर्थानें सर्रास योजिला जातो. हा त्याचा मूळ अर्थ नव्हे, असें आमचें मत आहे.

शब्द बनविला इंग्लंडांतील टॉमस मोर यानें. एका कल्पित बेटाचें वर्णन करणारा त्याचा लॅटिन ग्रंथ इ. स. १५१६ च्या अखेरीस लूव्हँ येथें छापून निघाला. ग्रीक ‘ऊ’ म्हणजे नाहीं व ‘तोपोस’ म्हणजे स्थान. तेव्हां ‘ऊतोपिया’ म्हणजे कोठेंच नसलेलें स्थळ. ता. ३ सप्टेंबर १५१६ च्या पत्रांत मोर आपला मित्र इरॅस्मस यास याच ग्रंथाचें नांव ‘नुस्क्वामा’ असें लिहितो. लॅटिन ‘नुस्क्वाम’ म्हणजे ‘कोठेंही नाहीं’. ग्रंथकाराचा स्वतःचा हा समकालीन पुरावा आम्ही निर्णायक समजतों. बेटावरील इतर नांवेंही याच जातीचीं आहेत. नदी ‘अनिद्रुस’, म्हणजे ‘अनुदक’. येथें ग्रीक ‘अन्’ व संस्कृत ‘अन्’ हे सख्खे भाऊच. अधिपति ‘अदेमुस’, म्हणजे प्रजाहीन.

मग ‘सुस्थान’ हा अर्थ आला कोठून? ग्रंथाच्या आरंभीं सहा ओळींचें एक लॅटिन पद्य आहे. त्यांत बेट स्वतःच म्हणतें कीं, मला ‘एउतोपिया’ म्हणणें योग्य. ग्रीक ‘एउ’ म्हणजे आपला ‘सु’. पद्याचा कर्ता कोण, तर बेटाची हकीकत सांगणाऱ्या कल्पित प्रवाशाचा तितकाच कल्पित भाचा! अशाची साक्ष मोरच्या पत्रापुढें किती धरावी, हें कागदपत्रें पारखणाऱ्या वाचकांस सांगावयास नको. इंग्रजी उच्चारांत मात्र दोन्ही शब्दांचा आरंभ ‘यू’ असा एकच झाला, आणि आपण शब्द घेतला तो इंग्रजीच्या तोंडून.

समासांत ‘ऊ’ऐवजीं ‘अ’ हवा, असा आक्षेप वैयाकरण घेतील. परंतु ‘अतोपिया’ हा शब्द ग्रीकांत ‘विलक्षणपणा’ या अर्थीं पूर्वींच रूढ होता, जसा आपल्याकडे ‘अस्थान’ म्हणजे अयोग्य जागा. शिवाय समासांतील ‘न’ तसाच ठेवण्याची मुभा पाणिनीनेंही कांहीं शब्दांस दिली आहे. त्यांतच ‘नाक’ म्हणजे स्वर्ग येतो, ‘अक’ म्हणजे दुःख जेथें नाहीं तो.

‘रामराज्य’ हा प्रतिशब्द तर आम्हांस मुळींच मान्य नाहीं. रामराज्यास अयोध्या हें ठिकाण आहे. कोशकारांनीं ‘कोठेंच नसलेलें स्थळ’ हा अर्थ प्रथम द्यावा व ‘आदर्श राज्य’ हा लाक्षणिक म्हणून त्याखालीं घालावा.