विद्यार्थी चित्रपटमहोत्सव : पारितोषिके व परीक्षण

चित्रपटविषयक शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून, किंवा विद्यार्थिदशेत स्वतंत्रपणे, तयार केलेल्या चित्रपटांची स्पर्धा, त्यांत देण्यात येणारी पारितोषिके आणि त्यांच्या निवडीची पद्धती यांचा प्रस्तुत नोंदीत विचार केला आहे. विद्यार्थ्यांचे चित्रपट बहुधा लांबीने लहान असतात. पदविका चित्रपट, लघुकथापट, अनुबोधपट, सचेतनपट (अ‍ॅनिमेशनपट) व प्रायोगिक लघुपट हे त्यांचे प्रमुख प्रकार होत. व्यावसायिक चित्रपटाच्या पारितोषिकात सिद्ध झालेल्या कर्तृत्वाचा गौरव असतो; विद्यार्थी चित्रपटाच्या पारितोषिकात त्याबरोबरच पुढील कर्तृत्वाच्या शक्यतेचाही अंदाज बांधावा लागतो. या दुहेरी स्वरूपामुळे या क्षेत्रातील परीक्षकाचे काम अधिक जबाबदारीचे ठरते.

पार्श्वभूमी : चित्रपटमहोत्सवांची परंपरा व्हेनिस येथे १९३२ मध्ये सुरू झाली. तेथील परीक्षणावर राजकीय दडपण येत असल्याची तक्रार १९३८ साली तीव्र झाली. तीतूनच फ्रान्समधील कान येथे स्वतंत्र महोत्सव भरविण्याची कल्पना पुढे आली व दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ मध्ये ती प्रत्यक्षात उतरली. परीक्षक-मंडळ स्वायत्त नसेल, तर पारितोषिकाची प्रतिष्ठा टिकत नाही, हे या इतिहासावरून महोत्सवांच्या आरंभकाळातच स्पष्ट झाले. लघुपटांना वाहिलेला ओबरहाउझेन (जर्मनी) येथील महोत्सव १९५४ मध्ये सुरू झाला. अमेरिकेतील चित्रपट अकादमीने १९७२ साली विद्यार्थ्यांसाठी वेगळी पारितोषिके स्थापन केली. भारतातील पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपटमहोत्सव १९५२ मध्ये मुंबईत भरला. तो स्पर्धात्मक नव्हता. राष्ट्रीय चित्रपट पारितोषिके १९५४ पासून देण्यात येऊ लागली आणि सर्वोत्कृष्ट कथापटाचे पहिले सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या श्यामची आई (१९५३) या मराठी चित्रपटास मिळाले.

महाराष्ट्रात विद्यार्थ्यांच्या कलाकृतींचे जाहीर परीक्षण प्रथम रुजले ते रंगभूमीच्या क्षेत्रात. १९५४ मध्ये राज्य नाट्यस्पर्धा सुरू झाली. पुण्यातील महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ मध्ये आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा सुरू केली. ती ‘पुरुषोत्तम करंडक’ या नावाने ओळखली जाते. तांत्रिक सजावटीपेक्षा लेखन, दिग्दर्शन व अभिनय यांवर भर देणे हे तिचे वैशिष्ट्य होय. ज्या महाविद्यालयाजवळ साधनसामग्री कमी, त्यालाही इतरांच्या बरोबरीने उभे राहता यावे, हा या धोरणाचा परिणाम होय. विद्यार्थी चित्रपटांच्या परीक्षणात साधनांच्या विषमतेचा जो प्रश्न सतत उपस्थित होतो, त्याचे एक उत्तर नाट्यस्पर्धांनी असे फार पूर्वी दिले होते.

पुण्याची संस्था व राष्ट्रीय पारितोषिके : केंद्र शासनाने १९६० मध्ये पुण्यात, ‘प्रभात’ फिल्म कंपनीच्या आवारात, चित्रपटशिक्षणाची संस्था स्थापन केली. १९७४ मध्ये दूरचित्रवाणी विभाग पुण्यास येऊन तिला ‘फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया’ असे रूप लाभले. कोलकात्यातील ‘सत्यजित राय फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट’ १९९५ साली स्थापन झाली. पुण्याच्या संस्थेतील विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमाच्या अखेरीस पदविका चित्रपट तयार करावा लागे. दिग्दर्शन, छायालेखन, संकलन व ध्वनिमुद्रण या शाखांतील विद्यार्थी एकत्र येऊन तो करीत. त्यामुळे एकाच कृतीतून अनेक विद्यार्थ्यांचे मूल्यमापन होई, आणि त्यांतील कोणाचा वाटा किती, हे ठरविणे परीक्षकांना अवघड जाई.

पदविका चित्रपट हा संस्थेच्या दृष्टीने परीक्षेचा भाग असतो. त्याचे परीक्षण करणारा अध्यापक विद्यार्थ्याने घेतलेले श्रम, त्याच्या चुका व प्रगती जाणतो. महोत्सवातील परीक्षकासमोर मात्र फक्त पूर्ण झालेली कृती असते. या दोन मूल्यमापनांचे निष्कर्ष नेहमी जुळतातच असे नाही. तरीही पुण्यातील काही पदविका चित्रपटांचा राष्ट्रीय पातळीवर गौरव झाला. गिरीश कासारवल्ली यांच्या अवशेष (१९७५) आणि विधू विनोद चोप्रा यांच्या मर्डर अ‍ॅट मंकी हिल (१९७६) या कृतींना लागोपाठच्या वर्षी राष्ट्रीय पारितोषिके मिळाली. कासारवल्ली यांचा पहिला कथापट घटश्राद्ध (१९७७) सर्वोत्कृष्ट कथापटाच्या सुवर्णकमळास पात्र ठरला. विद्यार्थी-कृतीवरून बांधलेला अंदाज दोनच वर्षांत खरा ठरल्याचे हे ठळक उदाहरण होय.

मराठीच्या दृष्टीने उमेश विनायक कुलकर्णी यांचा गिरणी हा पदविका चित्रपट महत्त्वाचा आहे. घरात पिठाची गिरणी आल्याने एका शाळकरी मुलाच्या आयुष्यात होणारी उलथापालथ हा त्याचा विषय. गिरणीचा अखंड आवाज त्यात निव्वळ पार्श्वध्वनी न राहता कथेचे चालक तत्त्व बनतो. ध्वनियोजनेकडे काटेकोर लक्ष देणाऱ्या शिक्षणाची छाप त्यावर दिसते. २००४ सालच्या राष्ट्रीय पारितोषिकांत त्यास सर्वोत्कृष्ट कथाबाह्य चित्रपटाचा मान मिळाला. याच दिग्दर्शकाच्या देऊळ (२०११) या कथापटास पुढे सर्वोत्कृष्ट कथापटाचे सुवर्णकमळ विभागून मिळाले. अमित दत्ता यांच्या क्रमशः या लघुपटाच्या छायालेखनासाठी सविता सिंह यांना २००७ सालचे राष्ट्रीय पारितोषिक देण्यात आले. दिग्दर्शकाखेरीज अन्य शाखांतील विद्यार्थ्यांचे काम वेगळे पारखले गेल्यास त्यांच्याही भवितव्याला दिशा मिळते, हे यावरून दिसते.

संस्थेबाहेरील विद्यार्थी : विशेष शिक्षणसंस्थेत प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत पारितोषिकाचे महत्त्व अधिक असते. नागराज मंजुळे यांनी अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) येथील महाविद्यालयात संज्ञापनशास्त्राचे शिक्षण घेत असताना पिस्तुल्या हा लघुपट केला. शाळेची ओढ असलेला, परंतु दारिद्र्यामुळे चोरीच्या वाटेवर ढकलला जाणारा वंचित समाजातील मुलगा हा त्याचा नायक आहे. २०१० सालच्या राष्ट्रीय पारितोषिकांत दिग्दर्शकाच्या पदार्पणातील सर्वोत्कृष्ट कथाबाह्य चित्रपट म्हणून त्याची निवड झाली. त्यांच्या फँड्री (२०१३) या पहिल्या कथापटासही पदार्पणासाठीचे राष्ट्रीय पारितोषिक लाभले. पिस्तुल्याजवळ मोठ्या संस्थेची यंत्रसामग्री नव्हती. विषयाची निकट जाण आणि बोलीचा सच्चेपणा हेच त्याचे बळ होते. परीक्षकांनी केवळ तांत्रिक सफाई हा निकष धरला असता, तर अशी कृती मागे पडण्याचा संभव होता.

विद्यार्थ्यांसाठीचे विभाग व महोत्सव : ‘फिल्म्स डिव्हिजन’ने १९९० मध्ये मुंबईत अनुबोधपट, लघुपट व सचेतनपट यांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू केला. तो द्वैवार्षिक आहे. त्यात विद्यार्थ्याच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी भारतीय अनुबोधपट निर्मात्यांच्या संघटनेच्या नावे वेगळे पारितोषिक ठेवण्यात आले. ‘फिल्म्स डिव्हिजन’चे २०२२ मध्ये ‘राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळा’त विलीनीकरण झाल्यावर या महोत्सवाची जबाबदारी महामंडळाकडे गेली. २००२ मध्ये सुरू झालेल्या पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपटमहोत्सवातही विद्यार्थ्यांच्या चित्रपटांना स्थान देण्यात आले. गोव्यात भरणाऱ्या भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपटमहोत्सवात २०२१ पासून परीक्षकांकरवी तरुण कलावंत निवडण्याची योजना आहे. पहिल्या वर्षी ७५ जणांची निवड करण्यात आली. निवडलेल्या तरुणांना ठराविक तासांत लघुपट पुरा करण्याचे आव्हान पुढील वर्षापासून देण्यात येऊ लागले. अशा स्पर्धेत सर्वांना समान वेळ व जवळपास समान साधने मिळतात. मात्र दीर्घ चिंतनातून येणारी प्रगल्भता तीत अजमावता येत नाही.

जागतिक पातळीवर कान महोत्सवाचा विद्यार्थी-विभाग विशेष मानाचा समजला जातो. झील झाकॉब यांच्या पुढाकाराने १९९८ मध्ये तो ‘सिनेफाँदास्याँ’ या नावाने स्थापन झाला. पुढे त्याचे नाव ‘ला सिनेफ’ असे करण्यात आले. त्यात तीन क्रमांक दिले जातात. पायल कपाडिया यांचा आफ्टरनून क्लाउड्स हा पुण्याच्या संस्थेतील लघुपट २०१७ मध्ये या विभागात निवडला गेला. पारितोषिक मिळाले नाही, तरी निवड हीच मोठी मान्यता ठरते, याचे हे उदाहरण आहे. त्यांच्याच ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट या कथापटाने २०२४ मध्ये कानच्या मुख्य स्पर्धेतील ‘ग्राँ प्री’ हे पारितोषिक मिळविले. अश्मिता गुहा नियोगी यांच्या कॅटडॉगला २०२० मध्ये आणि चिदानंद नाईक यांच्या सनफ्लॉवर्स वेअर द फर्स्ट वन्स टू नो या कन्नड लघुपटाला २०२४ मध्ये विद्यार्थी-विभागाचे प्रथम पारितोषिक मिळाले. हे दोन्ही लघुपट पुण्याच्या संस्थेतील होत. २०२४ साली या विभागासाठी ५५५ शिक्षणसंस्थांमधून २,२६३ प्रवेशिका आल्या होत्या व त्यांतून केवळ १८ चित्रपट स्पर्धेसाठी निवडण्यात आले. नाईक यांची कृती दूरचित्रवाणी विभागातील एक वर्षाच्या अभ्यासक्रमात तयार झाली होती. म्हातारीने कोंबडा पळविल्यामुळे गावात सूर्य उगवेनासा होतो, या लोककथेवर ती आधारलेली आहे.

परीक्षणाची पद्धती : परीक्षण सामान्यतः तीन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात प्रवेशिकांची पात्रता तपासली जाते : निर्माता निर्मितिकाळात विद्यार्थी होता की नाही, चित्रपटाची लांबी व निर्मितिवर्ष नियमांत बसतात किंवा कसे, संगीत व अन्य साहित्य वापरण्याची परवानगी आहे काय, इत्यादी. दुसऱ्या टप्प्यात निवड समिती मोठ्या संख्येतून मोजके चित्रपट निवडते. बहुसंख्य प्रवेशिकांचे भवितव्य येथेच ठरते. परंतु या समितीचे काम फारसे प्रकाशात येत नाही. तिसऱ्या टप्प्यात परीक्षक-मंडळ निवडलेले चित्रपट एकत्र बसून पाहते. त्यात बहुधा विषम संख्येने सभासद असतात. दिग्दर्शक, तंत्रज्ञ, समीक्षक व अध्यापक यांचे मिश्रण इष्ट समजले जाते. एखाद्या परीक्षकाचा विद्यार्थी किंवा आप्त स्पर्धेत असल्यास त्या परीक्षकाने त्या चित्रपटावरील चर्चेतून दूर राहावे, असा संकेत आहे.

निर्णय गुणांकनाने किंवा चर्चेने घेतात. गुणांकनात आशय, पटकथा, दिग्दर्शन, छायालेखन, ध्वनी, संकलन व अभिनय यांना स्वतंत्र गुण देऊन त्यांची बेरीज केली जाते. ही पद्धती हिशोबाला सोपी व वरकरणी निःपक्षपाती वाटते. तथापि सर्व बाबतींत मध्यम असलेली कृती तीत पुढे जाते, आणि एका अंगाने असामान्य पण दुसऱ्या अंगाने कच्ची कृती मागे राहते. विद्यार्थ्याची प्रतिभा पुष्कळदा अशा विषम रूपातच प्रकट होते. चर्चेच्या पद्धतीत हा दोष टळतो. परंतु एखाद्या ज्येष्ठ सभासदाचे मत सर्वांवर लादले जाण्याचा धोका संभवतो. म्हणून गुणांकनाने चित्रपटांची संख्या कमी करून अंतिम निर्णय चर्चेने घेण्याची मिश्र पद्धतीही अवलंबितात. निर्णयासोबत कारणे सांगणारे मानपत्र लिहिण्याची प्रथा विशेष उपयुक्त आहे, कारण शिकणाऱ्याला पदकापेक्षा त्या कारणांचा उपयोग अधिक काळ होतो.

पारितोषिक विभागून देण्याचा, विशेष उल्लेख करण्याचा किंवा योग्य कृती न आढळल्यास पारितोषिक राखून ठेवण्याचा अधिकार परीक्षकांना असतो. यांपैकी शेवटचा अधिकार वादग्रस्त ठरतो. पुरुषोत्तम करंडकाच्या २०२२ मधील अंतिम फेरीत एकही एकांकिका करंडकास पात्र नसल्याचा निर्णय परीक्षकांनी दिला. स्पर्धेच्या इतिहासात असे प्रथमच घडले आणि त्यावर महाराष्ट्रात मोठी चर्चा झाली. दर्जाची अट शिथिल केल्यास पारितोषिकाचे मोल उतरते, हा एक पक्ष. विद्यार्थ्यांची तुलना त्या वर्षीच्या विद्यार्थ्यांशीच व्हावी, मागील विजेत्यांशी नव्हे, हा दुसरा. चित्रपटमहोत्सवांतही हाच पेच असतो. त्यावरचा मार्ग स्पर्धेच्या नियमांतच असावा लागतो : पारितोषिक निरपेक्ष गुणवत्तेसाठी आहे की तुलनात्मक श्रेष्ठतेसाठी, हे प्रवेशिका मागवितानाच स्पष्ट केले, तर निर्णयाविषयी गैरसमज उरत नाही.

सद्यःस्थिती : अंकीय कॅमेरे व भ्रमणध्वनी यांमुळे चित्रीकरण स्वस्त झाले आणि प्रवेशिका आंतरजालावरून पाठविता येऊ लागल्या. उमरेडसारख्या (जि. नागपूर) तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाही आता लघुपट करून तो दूरच्या महोत्सवाकडे पाठविणे शक्य आहे. मात्र त्याच्या वाट्याला प्रशिक्षित अध्यापक, ध्वनिमुद्रणाची सोय व प्रवेशशुल्काची रक्कम या गोष्टी क्वचितच येतात. दुसरीकडे, शुल्क घेऊन दरमहा शेकडो मानचिन्हे वाटणाऱ्या आंतरजालीय स्पर्धांची संख्या वाढली आहे. त्यांचे परीक्षक कोण, त्यांनी चित्रपट पाहिले की नाही, हे बहुधा जाहीर होत नाही, आणि नवख्या विद्यार्थ्याचीच त्यांत फसगत होते. परीक्षकांची नावे अगोदर प्रसिद्ध करणे, चित्रपट जाहीरपणे दाखविणे, निर्णयाची कारणे देणे व विद्यार्थ्यांकडून शुल्क न घेणे किंवा अल्प घेणे, या खऱ्या स्पर्धेच्या खुणा होत. ज्या महोत्सवात पारितोषिक न मिळालेला विद्यार्थीही परीक्षकांशी चर्चा करून आपल्या कृतीतील उणिवा समजून घेऊ शकतो, त्या महोत्सवाचे शैक्षणिक प्रयोजन सफल झाले असे म्हणता येते.