वारा फिरेपर्यंत

निफाडला डिसेंबरात पारा उतरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. हिवाळ्यात जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या अशाच कोरड्या वाऱ्यांवर एकेकाळी शिडाची जहाजं पश्चिमेला निघायची.

निफाड तालुक्यातली गोदावरी पुढे पैठणला जाते. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक पुस्तिकेत नोंद आहे, की पैठणचे मौल्यवान खडे आणि तेरचं कापड गाड्यांवरून भडोचला येई. तिथून माल जहाजांत चढे. याच पुस्तिकेत आणखी एक छोटी नोंद सापडते: उशीर झालेली भडोचची जहाजं ओमानच्या किनाऱ्यावर, मोस्का बंदरात हिवाळा काढत. समोरून वारा असताना घरी परतणं अवघड. सोकोत्रा बेटावर हे लोक तांदूळ, गहू, कापड देऊन कासवाची कवचं घेत.

ही माणसं कोण होती? 2000 नंतर सोकोत्राच्या होक गुहेत सुमारे 200 लेख उजेडात आले. बहुतेक भारतीय, ब्राह्मी लिपीतले. खोल अंधारात शिरून कोळशाने, मातीने, खडूने लिहिलेली नावं. कुणी स्वतःला भडोचचा म्हणवतो. कुणी एवढंच लिहितो, की अमुक इथे आला.

नाशिकच्या पांडवलेण्यांत राजे-राण्यांसोबत मुगुदास नावाच्या कोळ्याचंही नाव आहे. त्याने सहकुटुंब लेणं दान दिलं. दान दिलं की नाव दगडावर चढतं. होकमधल्या बहुतेकांनी मात्र काही दिल्याचं लिहिलेलं नाही. घरापासून इतक्या दूर आपण पोचलो होतो, एवढंच त्यांना सांगायचं असावं.