चालकाचा कान आणि केबिनमधला आवाज

 

आजचा विषय लढाईचा नाही, पण लष्कराशी त्याचा जवळचा संबंध आहे. ज्या चालकाला कमी ऐकू येतं, त्याच्यासाठी गाडीच्या केबिनमधला आवाज कमी करणं, हा तो विषय. ऐकताना विचित्र वाटेल. ज्याला ऐकूच कमी येतं, त्याला आवाजाचा त्रास कसला? उलट तो सुखी! असं म्हणणारे मला खूप भेटले. पण विज्ञान आणि इतिहास दोन्ही याच्या नेमकं उलट सांगतात. आणि प्रश्न साधा नाही. फौजेतून निवृत्त झालेले कितीतरी ड्रायव्हर पुढे शाळेची बस, रुग्णवाहिका किंवा मालट्रक चालवतात. त्यांच्या घराची चूल त्या स्टिअरिंगवर चालते आणि मागे बसलेल्यांचा जीवही त्यावरच असतो.

सुरुवात जुन्या काळापासून करू. इटलीतला वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी याने कामगारांच्या आजारांवर १७०० साली ग्रंथ लिहिला आणि १७१३ साली तो वाढवला. त्यात त्याने व्हेनिसच्या तांबटांबद्दल लिहिलं आहे. दिवसभर तांबं ठोकून त्यांचे कान जातात आणि म्हातारपणी ते ठार बहिरे होतात, असं त्याचं निरीक्षण होतं. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीतून जो कधी गेला असेल, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. पुढे १८८६ साली ग्लासगोच्या डॉ. थॉमस बार यांनी बॉयलर बनवणाऱ्या कामगारांचे कान रीतसर तपासले. लोखंडी पिंपात बसून रिबिटं ठोकणाऱ्या त्या माणसांपैकी फारच थोड्यांचं ऐकणं शाबूत होतं. थोडक्यात, आवाजाने कान जातो हे माणसाला मोटार येण्याच्या आधीपासून माहीत होतं.

पण गेलेला कान नेमकं काय गमावतो? आवाजाने होणारा बहिरेपणा बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास सुरू होतो, म्हणजे बारीक, तीव्र स्वरांकडून. ‘स’, ‘श’, ‘ट’, ‘क’ यांसारख्या व्यंजनांची ओळख याच भागात असते. त्यामुळे माणसाला बोलणं ऐकू येतं, पण कळत नाही. ‘साठ’ म्हणाले, ‘काठ’ म्हणाले की ‘पाठ’, याचा अंदाज करावा लागतो.

त्यात दुसरी भर पडते. १८७६ साली अमेरिकन शास्त्रज्ञ आल्फ्रेड मेयर यांनी दाखवलं की खर्जातला आवाज बारीक आवाजाला गिळून टाकतो, पण बारीक आवाज खर्जाला गिळू शकत नाही. १९२४ साली वेगेल आणि लेन या टेलिफोन संशोधकांनी हेच मोजून सिद्ध केलं. आता इंजिन, गिअरबॉक्स आणि टायर यांची घरघर बहुतांशी खर्जातलीच असते. म्हणजे चालकाच्या कानात जे थोडं उरलेलं आहे, तेच ही घरघर झाकून टाकते. निरोगी कानाचा माणूस त्याच केबिनमध्ये कसंबसं निभावून नेतो, दुखावलेल्या कानाचा माणूस नाही.

तिसरी गोष्ट न्यूयॉर्कचे डॉ. एडमंड फाउलर यांनी १९३० च्या दशकात मांडली. अशा कानाला हळू आवाज ऐकू येत नाही, पण आवाज थोडा वाढवला की तो एकदम असह्य होतो. घरातले आजोबा आधी म्हणतात, “काय म्हणालास?” आणि आपण मोठ्याने बोललो की म्हणतात, “ओरडतोस कशाला?” तो हट्टीपणा नसतो, कानाचा दोष असतो.

आता मोटारीकडे येऊ. १९१९ साली अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या दहांपैकी सुमारे नऊ गाड्या उघड्या होत्या. १९२७ पर्यंत शंभरातल्या पंचाऐंशी बंद झाल्या. वारा आणि पाऊस बाहेर राहिला, पण पोलादी पत्र्याची बंद पेटी ढोलासारखी घुमू लागली. मग तोडगे निघाले. त्यात महत्त्वाचा टप्पा १९३१ चा. क्रायस्लर कंपनीने प्लिमथ गाडीत इंजिन थेट चासीवर घट्ट न बसवता रबराच्या आधारांवर तोललं. फ्रान्सच्या सित्रोएनने लगोलग ते तंत्र परवान्याने घेतलं. आवाज उगमापाशीच अडवायचा, हे त्यामागचं सूत्र. पण हे सगळं विकलं गेलं ते मालकाचा आराम म्हणून. शांत गाडी म्हणजे श्रीमंती, ही कल्पना तेव्हा रुजली आणि अजून गेलेली नाही.

ती कल्पना बाजूला सारली फौजेने. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी बॉम्बर विमानात आणि रणगाड्यात माणसं एकमेकांशी बोलू शकत नव्हती. १९४० पासून हार्वर्ड विद्यापीठात यावर दोन गट काम करू लागले. मानसशास्त्राच्या बाजूने एस. एस. स्टीव्हन्स आणि ध्वनिशास्त्राच्या बाजूने लिओ बेरानेक. स्टीव्हन्स यांनी माणसांना ११५ डेसिबलच्या गोंगाटात तासन् तास बसवून कामं दिली. सर्वांचा अंदाज होता की हातपाय गडबडतील. तसं फारसं झालं नाही. हात काम करत राहिले, पण बोलणं पोहोचेना. तिथून भर आला तो संदेशवहनावर. चांगले मायक्रोफोन, कान झाकणारे हेडसेट, विमानाच्या भिंतीत हलक्या काचतंतूंची अस्तरं. आणि युद्ध संपताना कान गमावलेले हजारो सैनिक परतले, तेव्हा पेनसिल्व्हेनियातल्या डेशॉन लष्करी रुग्णालयात रेमंड कारहार्ट यांनी त्यांना श्रवणयंत्र निवडून देण्याची आणि ऐकण्याचं पुन्हा शिक्षण देण्याची पद्धत बसवली. आजचं श्रवणशास्त्र बरंचसं तिथून उभं राहिलं.

माझा आजचा मुद्दा एवढाच आहे. फौजेने केबिनमधला आवाज हा आरामाचा नव्हे, तर निरोप पोहोचण्याचा प्रश्न मानला. कमी ऐकू येणाऱ्या चालकाच्या बाबतीत आपणही तसंच मानलं पाहिजे.

आपल्याकडे काय झालं? १९४९ साली मुंबईत माझगावला विलीस जीपची जुळणी सुरू झाली. १९५४ पासून जमशेदपूरला टाटा आणि मर्सिडीज-बेंझ यांचे ट्रक बनू लागले. १९५९ साली जबलपूरला जर्मन मान कंपनीच्या आराखड्यावरून शक्तिमान ट्रक तयार होऊ लागला. आमच्या पिढीची अर्धी नोकरी त्याच शक्तिमानच्या सोबतीने झाली. दणकट गाडी, डोंगरात कधी दगा नाही. पण चढावर शेजारच्या माणसाशी बोलायचं तर ओरडावंच लागे. पायाखालचा पत्रा थरथरत असे. मुलकी ट्रकचं तर अनेक वर्षं असं होतं की कंपनी चासी विकायची आणि केबिन गावोगावचे बॉडीवाले बांधायचे. लाकूड, पत्रा, खिळे. अस्तराचा प्रश्नच नव्हता.

या गोंगाटात आपल्या लोकांनी आपले मार्ग शोधले. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर एसटी सुरू झाली. एसटीत कंडक्टर ड्रायव्हरला हाक मारत नाही, घंटी देतो. एक घंटी थांबा, दोन घंट्या चला. ट्रकचा क्लीनर पत्र्यावर थाप मारतो. कॉन्व्हॉयमध्ये आम्ही हाताच्या खुणा वापरायचो. शब्द गोंगाटात हरवतो, पण ठरलेली खूण हरवत नाही. हे शहाणपण कमी ऐकू येणाऱ्या चालकाला आजही उपयोगी आहे.

आता प्रत्यक्ष उपाय. क्रम तीन पायऱ्यांचा: आधी उगम, मग वाट, शेवटी कान. क्रम उलटा केला की पैसे वाया जातात.

उगम म्हणजे इंजिनाची झिजलेली रबरी माउंटिंग, फुटका सायलेन्सर, घासलेलं बेअरिंग, एकसारखे न झिजलेले टायर. ही दुरुस्ती सर्वांत आधी. गळक्या सायलेन्सरमधून विषारी वायूही आत येतो, हा वेगळा धोका. उगमापाशी आवाज कमी केला की बाहेरचा हॉर्न किंवा सायरन मुळीच कमी होत नाही. म्हणून चालकासाठी हा उपाय सर्वांत सुरक्षित.

वाट म्हणजे आवाज आत येण्याच्या जागा. इथे एक आकडा लक्षात ठेवा. भिंत कितीही जाड असो, तिच्या क्षेत्रफळाच्या एक टक्का जागा उघडी राहिली, तर अडवणूक २० डेसिबलच्या पुढे जात नाही. म्हणून महागडी अस्तरं लावण्याआधी दारांचं रबर आणि केबल जातात त्या भोकांची बुचं तपासा. मग पत्र्यावर बोटाने टिचकी मारा. ‘टण्ण’ वाजला तर त्यावर डांबरी किंवा ब्युटिल रबराची जड पट्टी चिकटवा, म्हणजे ‘ठप’ वाजेल. नुसता पातळ फोम चिकटवून घरघर थांबत नाही. फोम बारीक आवाज शोषतो, खर्जाला वजन लागतं. फोम घ्यायचाच तर आग न धरणारा घ्या. आणि चटई जाड करताना ती पेडलखाली सरकणार नाही, हे आधी पाहा.

उघडी खिडकी हा मोठा शत्रू. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे वाऱ्याचा मारा उजव्या कानावर आणि सोबत्याचं बोलणं डाव्या कानात. खिडकी बंद केली की घरघरीत फरक पडतो, पण बाहेरचा सायरनही थोडा दबतो. त्याची भरपाई डोळ्यांनी करावी लागते: मोठे आरसे, आणि दर काही क्षणांनी त्यांत नजर टाकण्याची सवय. २०२५ सालापासून नव्याने बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. तिचा विचार उकाड्यापुरता झाला, पण तिचा फायदा कानालाही आहे.

शेवटी कान. श्रवणयंत्र बोलणं वाढवतं, तशी घरघरही वाढवतं. म्हणून यंत्र घेऊन नाराज झालेले चालक बहुधा यंत्रावर रागावतात, खरा दोष केबिनचा असतो. श्रवणतज्ज्ञाला आपण गाडी चालवतो, सोबती डावीकडे बसतो, हे मुद्दाम सांगा, म्हणजे तो यंत्र त्या हिशेबाने बसवील. आवाजाने आवाज मारण्याची कल्पना जर्मनीच्या पॉल लुएग यांची, १९३६ सालच्या पेटंटमधली. १९९० च्या दशकात ती जपानी मोटारींत उतरली. ती खर्जावरच उत्तम चालते, म्हणजे नेमकं याच चालकाला हवं तिथे.

कायद्याचंही सांगतो. २०११ साली दिल्ली उच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कर्णबधिर व्यक्ती वाहन चाचणी उत्तीर्ण होत असेल, तर केवळ बहिरेपणामुळे परवाना नाकारता येणार नाही. पण हातात परवाना आला म्हणजे केबिन शांत झाली असं नाही. ते काम मालकाचं, बॉडीवाल्याचं आणि मेकॅनिकचं आहे.

आमच्या नोकरीत ड्रायव्हरच्या डोळ्यांची तपासणी काटेकोर व्हायची. गाडीच्या आवाजाची नोंद मात्र गाडीच्या कागदांत मी कधी पाहिली नाही. आपल्यापैकी कोणाची बस, टेम्पो, रुग्णवाहिका असेल, तर एक काम करा. आपल्या चालकाशेजारी अर्धा तास बसा आणि नेहमीच्या आवाजात त्याच्याशी बोलून पाहा. तीनदा विचारावं लागलं, तर आधी गाडी गॅरेजमध्ये न्या, मग त्याला कान तपासायला पाठवा. त्याची नोकरी काढून घेण्याचा विचार त्यानंतरचा आहे, आणि बहुतेक वेळा तो करावा लागणार नाही.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.