रोज जीव तोडून धावायचं का? सरावाची शंभर वर्षं

भरती जवळ आली की नगर जिल्ह्यात गावोगावच्या रस्त्यांवर पहाटे मुलं-मुली धावताना दिसतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. अनेक जण रोज घड्याळ लावून पूर्ण जोराने धावतात आणि काही आठवड्यांत नडगी दुखते म्हणून दवाखान्यात येतात. धावण्याच्या सरावाचा इतिहास त्यांनी जरूर वाचावा.

१९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धेत शेतकरी तरुण अनवाणी धावले. शास्त्रशुद्ध सराव नसतानाही त्यांच्या वेळा पाहून सर दोराबजी टाटा प्रभावित झाले. पुढच्याच वर्षी बेळगावचे फडेप्पा चौगुले अँटवर्प ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये १९वे आले.

१९३०च्या दशकात जर्मनीत प्रशिक्षक गेर्शलर आणि हृदयतज्ज्ञ राइंडेल यांनी नाडीवर आधारित सराव बसवला. वेगात धावून नाडी १८०पर्यंत न्यायची, ती १२०वर उतरली की पुन्हा धावायचं. हेच इंटरव्हल ट्रेनिंग. अशाच पद्धतीने ४०० मीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या झाटोपेकने १९५२च्या ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदकं जिंकली.

न्यूझीलंडच्या लिडियार्डने आधी पाया पक्का करायला सांगितलं. त्याचे धावपटू आठवड्याला सुमारे १६० किलोमीटर धावत. त्यातल्या पीटर स्नेलने १९६०मध्ये अवघ्या ८०० मीटरच्या शर्यतीत सुवर्ण जिंकलं! संथ, लांब धावण्याने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकू लागतं आणि स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात.

आपल्या शेजारच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे सैन्यात गेल्यावर धावपटू झाले. पुढे त्यांनी अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जला, सुमारे १८०० मीटर उंचीवर सराव केला. उंचावर ऑक्सिजन कमी मिळतो, म्हणून शरीर तांबड्या पेशी वाढवतं. २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक मिळवलं.

पद्धती बदलत गेल्या, पण जोर आणि विश्रांती यांची सांगड कोणालाच चुकली नाही. हृदय-फुप्फुसं काही आठवड्यांत तयार होतात, हाडांना त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणून बहुतेक दिवस बोलता येईल इतक्या संथ गतीने धावा, आठवड्यातून दोनदाच वेगात आणि एक दिवस पूर्ण विश्रांती घ्या. अंतर हळूहळू वाढवा. नडगीच्या हाडावर एकाच जागी बोट दाबल्यावर कळ येत असेल, तर धावणं थांबवून डॉक्टरांना दाखवा. ते हाडाला गेलेल्या बारीक तड्याचं लक्षण असू शकतं. तसंच धावलात, तर ऐन भरतीच्या दिवशी घरी बसावं लागेल.